छत्रीखालचा करार

ठाण्याच्या नौपाड्यात आमचा बारा-तेरा बायकांचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, ठरलेल्या पुस्तकावर बोलतो. गेल्या महिन्यात पुस्तक होतं ‘चौघीजणी’, म्हणजे लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. बोलण्याआधी ग्रेटा गर्विगने २०१९ साली केलेला सिनेमा सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघायचा असं ठरलं होतं. सिनेमा संपला, चहा झाला, आणि पुढचे दोन तास जे झालं त्याला चर्चा म्हणवत नाही. अर्ध्या जणींचं म्हणणं, नायिका ज्योचं लग्न खरं की खोटं हेच संशयात टाकून दिग्दर्शिकेने पुस्तकाचा घात केला. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, उलट तिनेच दीडशे वर्षांनी लेखिकेला न्याय दिला, ज्योने लग्न करायलाच नको होतं. या दुसऱ्या बाजूची पुढारी माझी भाची. घोडबंदर रोडला राहते, बत्तीस वर्षांची आहे, घराचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरते. पहिल्या बाजूच्या एक काकू तिला म्हणाल्या, “तुला स्वतःला करायचं नाही, म्हणून तिचंही मोडतेस का?” त्यानंतर त्या खोलीत ज्योबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

माझं मत मी तिथे नीट मांडू शकले नाही, म्हणून इथे मांडते. या सिनेमातल्या प्रेमकथेने मला आनंदही दिला आणि ती मला टोचलीही. पण ज्या मुद्द्यावर आम्ही भांडलो तो मुद्दाच मला चुकीचा वाटतो. ज्योने लग्न करावं की करू नये यात काही अडलेलं नाही. तिने कुणाशी केलं आणि कोणत्या अटीवर केलं, यात सगळं आहे. सिनेमाने लग्न धूसर ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की नायिकेचं लग्न लावल्याशिवाय पुस्तक विकलं जात नाही म्हणणाऱ्या बाजाराला हा सिनेमा तोंडावर जाब विचारतो, आणि त्याच बाजाराची त्याहून जुनी मागणी, प्रेम करण्याजोगा पुरुष देखणाच असला पाहिजे ही, निमूटपणे पुरवतो. त्या मागणीखाली ज्योची निवड दबून जाते.

‘चौघीजणी’ मी पहिल्यांदा वाचली ती सातवीच्या मे महिन्यात, वाचनालयातून आणून. काळ्या रेक्झिनची बांधणी होती, पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या. ज्यो लॉरीला नकार देते त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मूर्ख मुलगी!’ त्याच्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: ‘अजिबात नाही. बरोबर केलं.’ आणि त्याच्याही खाली तिसऱ्याच कुणाच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात: ‘मग पुढे एकटी पडून झुरते कशाला?’ एकमेकींना कधीही न भेटलेल्या तीन ठाणेकर वाचकांचं हे भांडण मी गोष्टीइतक्याच उत्सुकतेने पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या गटात गेल्या महिन्यात जे बोललं गेलं ते त्या तीन ओळींच्या पुढे एक पाऊलही गेलेलं नव्हतं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत मार्च घराण्यातल्या चार बहिणी वाढतात, मेग, ज्यो, बेथ आणि एमी. ज्यो लिहिणारी, धसमुसळी, लवकर चिडणारी. शेजारचा श्रीमंत, देखणा, लाघवी लॉरी तिच्यावर जीव टाकतो, ती त्याला नाही म्हणते. पुढे तो एमीशी लग्न करतो, आणि ज्यो न्यूयॉर्कच्या खानावळीत भेटलेल्या जर्मन प्राध्यापक भेअरशी. पुस्तकाचा पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरात निघाला. तो मेगचं लग्न ठरतं तिथे थांबतो. लगेच वाचक मुलींची पत्रं सुरू झाली, बाकीच्यांची लग्नं कुणाशी होणार? अल्कॉटने त्याच वर्षी नोव्हेंबरात डायरीत वैतागून लिहिलं की बाईच्या आयुष्याचं जणू तेवढं एकच ध्येय असल्यासारखं या मुली विचारतात, आणि कुणालाही खूश करण्यासाठी मी ज्योचं लॉरीशी लग्न लावणार नाही. दुसरा भाग १८६९ साली आला. त्या वर्षी एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की ज्योने खरं तर लिहिती, अविवाहित बाई म्हणूनच राहायला हवं होतं. पण लॉरीशी नाहीतर कुणाशी तरी तिचं लग्न लावाच, असा इतका कल्ला झाला की नकार द्यायचा धीर झाला नाही, आणि मग हट्टाने मी तिच्यासाठी एक गमतीशीर स्थळ काढलं.

हे पत्र म्हणजे भाचीच्या बाजूचा हुकमी एक्का. लेखिकेने स्वतःच सांगितलंय, मग वाद कसला? शिवाय अल्कॉटने स्वतः लग्न केलं नाही, स्वतःची होडी स्वतःच वल्हवणं तिला पसंत होतं. तिला मराठीत आणणाऱ्या शांताबाईंनीही लग्न केलं नाही. या सगळ्याचं वजन मी मानते. पण लेखिका अविवाहित होती म्हणून तिच्या नायिकेनेही अविवाहितच राहायला हवं, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि पत्राचा शेवटचा तुकडा आपण का गाळतो? ‘हट्टाने’ या शब्दात एका लेखिकेचं सगळं बंड आहे. वाचकांना लग्न हवं होतं, तिने लग्न दिलं. वाचकांना लॉरी हवा होता, तो मात्र तिने दिला नाही. दिला कोण? चाळिशीला टेकलेला, अंगाने भरलेला, दाढी-केस विस्कटलेले, इंग्रजी मोडकंतोडकं बोलणारा, खिशात पैसा नसलेला आणि दोन अनाथ भाचे सांभाळणारा शिक्षक. वाचकांच्या पत्रांपुढे अल्कॉट वाकली हे खरं. पण वाकता वाकता तिने त्यांच्या हातात जे ठेवलं ते त्यांनी मागितलेलं मुळीच नव्हतं.

असंच उदाहरण आपल्याला ‘ती फुलराणी’मुळे ओळखीचं आहे. पु. ल. देशपांड्यांचं ते नाटक ज्या ‘पिग्मॅलियन’वर बेतलं, त्याच्या शेवटावरून बर्नार्ड शॉचं जन्मभर भांडण चाललं. १९१४ साली लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक हिगिन्सचं काम करणाऱ्या हर्बर्ट ट्रीने पडदा पडता पडता फुलवाल्या एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षक लग्नाच्या गोड कल्पनेत घरी जावेत. शॉ भडकला. ट्रीचं उत्तर होतं की माझ्या शेवटाने पैसे मिळतात, तू माझे आभार मानायला हवेस. शॉने पुढे छापील नाटकाला लांबलचक उपसंहार जोडून निक्षून सांगितलं की एलायझा हिगिन्सशी लग्न करत नाही. पण मग करते कुणाशी? फ्रेडीशी. कर्तबगारी बेताची, पैसा नाही, तिच्यावर मनापासून लुब्ध असलेला साधा मुलगा. दोघं मिळून फुलांचं दुकान टाकतात. शॉने लग्न नाकारलं नाही, प्रेक्षकांनी ठरवलेलं लग्न नाकारलं. अल्कॉटने त्याच्या चार दशकं आधी नेमकं हेच केलं होतं. म्हणून ‘लग्न लावलं म्हणजे शरणागती’ हे समीकरण मला पटत नाही. देवलांनी ‘शारदा’च्या शेवटी शारदेचं लग्न कोदंडाशी लावून दिलं, म्हणून जरठ-कुमारी विवाहावरचा त्या नाटकाचा घाव बोथट झाला का? हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूला कसलीच सुटका दिली नाही आणि तोही घाव खोल गेला. शेवट लग्नाचा की दुःखाचा यावरून पुस्तकाचं धैर्य मोजता येत नाही.

आता सिनेमाचं जे मोठेपण आहे ते मोकळेपणाने कबूल करते. गर्विगने एक गोष्ट अशी केली जी आधीच्या सिनेमांना सुचली नव्हती. तिने ज्यो आणि अल्कॉट यांना शेवटी एकमेकींत मिसळून टाकलं. प्रकाशक ज्योला सांगतो, नायिका शेवटी अविवाहित राहिली तर पुस्तक कुणी विकत घेणार नाही. ज्यो म्हणते, नायिकेला पैशासाठी लग्नात विकायचंच असेल तर त्यातला काही पैसा मलाही मिळू दे. मग ती रॉयल्टीवर घासाघीस करते, ६.६ टक्क्यांवर येते, आणि स्वामित्वहक्क मात्र सोडत नाही. अल्कॉटनेही आपल्या पुस्तकाचे हक्क एकरकमी विकून टाकले नव्हते, आणि त्यावर तिचं आख्खं घर उभं राहिलं. लिहिणाऱ्या बाईच्या पैशाबद्दल इतकं स्पष्ट बोलणारं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. मी तेव्हा खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

दुसरं, माळ्यावरचं दृश्य. बेथ गेलेली, घर रिकामं, आणि ज्यो आईला सांगते की बायकांना मन असतं, आत्मा असतो, नुसतं हृदय नसतं. त्यांना महत्त्वाकांक्षा असते, प्रतिभा असते. बाई फक्त प्रेमासाठी असते हे ऐकून मला वीट आलाय. आणि मग आवाज फुटतो: पण मी फार एकटी आहे. आमच्या गटात एक जण म्हणाली, हे वाक्य नको होतं, त्याने ज्यो दुबळी झाली. मला नेमकं उलट वाटतं. पुस्तकातही ती आईपाशी कबूल करते की लॉरीने आता पुन्हा विचारलं तर मी कदाचित हो म्हणेन, प्रेम वाढलं म्हणून नव्हे, कुणीतरी आपल्यावर प्रेम करावं याची गरज वाढली म्हणून. मराठीत हे पहिल्यांदा उघड बोललं गेलं तेव्हा काय झालं हे आठवावं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, कमावत्या, घराला हातभार लावता लावता लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. लेखिकेला विभावरी शिरूरकर हे नाव घेऊन लपावं लागलं आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. मुली शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, इतपत समाजाने पचवलं होतं. कमावणारी मुलगी आपल्याला एकटं वाटतं असं म्हणते, हे पचलं नाही. या विभावरींनी, म्हणजे मालती बेडेकरांनी, त्या एकटेपणाला नाव दिलं म्हणून त्या मुली दुबळ्या ठरल्या नाहीत. माळ्यावरच्या त्या दृश्यात ज्योही दुबळी ठरत नाही.

तिसरी कबुली मला जड जाते, पण खरी आहे. पुस्तकातला भेअर एका जागी मलाही खटकतो. ज्यो पैशासाठी एका साप्ताहिकात भडक, खुनाखुनीच्या गोष्टी लिहीत असते. असल्या लिखाणाने मुलांची मनं नासतात असं तो तिच्यासमोर कळकळीने बोलतो, आणि ती खोलीत जाऊन आपल्या गोष्टी जाळून टाकते. पुरुषाने शिकवलं आणि बाईने आपलं लिखाण चुलीत घातलं, हे वाचताना आज अंगावर काटा येतो. त्यात अल्कॉट स्वतः ए. एम. बर्नार्ड या नावाने असल्याच गोष्टी लिहीत आली होती, आणि हे गुपित १९४० च्या दशकात दोन अभ्यासक बायकांनी शोधून काढेपर्यंत झाकलेलं राहिलं. सिनेमाने इथे दुरुस्ती केली. तिथे ज्यो स्वतः त्याला गोष्टी वाचायला देते, तो सरळ सांगतो की मला आवडल्या नाहीत, ती भडकते, भांडते, निघून जाते. टीका करणारा माणूस आणि उपदेश करणारा माणूस यांतला फरक त्या एका प्रसंगात दिसतो. हे पुस्तकाहून चांगलं आहे. म्हणूनच पुढे जे होतं त्याने मला जास्त दुखावलं. इतका चांगला प्रसंग रचल्यावर सिनेमाला या माणसात रसच उरत नाही. तो शेवटी येतो, पियानो वाजवतो, सगळ्या बहिणी त्याच्याकडे बघून हरखतात, आणि छत्रीखाली चुंबन होतं.

पुस्तकातली ज्यो त्याच्याकडे ओढली जाते ती कशामुळे? ती त्याला पहिल्यांदा पाहते तेव्हा खानावळीतली कामवाली पोरगी कोळशाची जड बादली जिन्यावरून ओढत चाललेली असते आणि हा बाबा तिच्या हातातून ती घेऊन वर चढतो. नंतर ज्योला कळतं की तो आपले मोजे स्वतः रफू करतो आणि त्याच्या ओबडधोबड टाक्यांनी ते वाकडेतिकडे झालेत. ती कुणाला न सांगता दोन जोड्यांच्या टाचा नव्याने विणून देते. एक दिवस तो तिला ते करताना पकडतो, संकोचतो, आणि हे ऋण फेडायला तिला जर्मन शिकवायला लागतो. मोज्यांच्या बदल्यात व्याकरण. कुणाचं कुणावर उपकाराचं ओझं नाही, हिशेब चोख, आणि त्या चोख हिशेबातून हळूहळू जिव्हाळा. सिनेमाने या देवघेवीला जागा दिली नाही.

हे दृश्य मला इतकं जवळचं का, ते सांगते. माझे बाबा शिक्षक होते. विष्णूनगरच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी ते रेडिओ लावून खिडकीत बसायचे. फ्यूज गेलेला बल्ब मोज्याच्या टाचेत सरकवायचे, त्या गोल काचेवर वीण ताणली गेली की चष्मा कपाळावर सारून सुईने आधी उभे धागे घालायचे, मग एक वरून एक खालून असे आडवे. त्यांचा रफू जाडाभरडा असायचा, बुटात टाचेला टोचायचा. आई तेवढा वेळ पेपर वाचायची. “द्या इकडे, मी करते” असं ती म्हणाल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांनी दिलं असतं असंही वाटत नाही. बाबा देखणे नव्हते. मोठी झाल्यावर मला समजलं की आईचं त्यांच्यावर किती प्रेम होतं, आणि त्या प्रेमात रविवारच्या त्या निवांत पेपराचा वाटा किती होता. असल्या माणसावर कुणाचं प्रेम बसू शकतं हे मला पुस्तकांत फार कमी वेळा सापडलं. ‘चौघीजणी’त सापडलं.

गर्विगने त्या जागी लुई गारेलला उभा केला. तरणाबांड, कुरळ्या केसांचा, बघत राहावा असा नट. ती एकटी नाही, हे सांगितलं पाहिजे. १९४९ च्या सिनेमात रोसानो ब्रात्झी होता, १९९४ च्या सिनेमात गॅब्रिएल बर्न, दोघेही देखणे. पण त्या सिनेमांनी प्रकाशकाला जाब विचारला नव्हता. जो सिनेमा ‘लोकांना काय हवं’ या दडपणालाच कटघऱ्यात उभं करतो, त्याने त्याच दडपणापुढे नायक बदलावा?

यावर माझ्या भाचीने दिलेलं उत्तर खरोखर तगडं होतं. ती म्हणाली, “मावशी, सिनेमावाले पुरुष वर्षानुवर्षं सुंदर नटीला चष्मा लावतात आणि ही बघा साधी मुलगी म्हणून खपवतात. तेव्हा कुणी लेख लिहिले? एका बाईने दिग्दर्शक होऊन तेच उलट केलं तर तुम्हाला लगेच पुस्तक आठवतं.” यातला अन्याय खराच आहे, आणि मी तो अमान्य करत नाही. पण आपल्यावर झालेला अन्याय उलटा करून वापरला की तो न्याय होतो का? सुंदर नटीला चष्मा लावणं ही खोटी गोष्ट होती, कारण ज्या मुली खरोखर साध्या दिसतात त्यांना त्या पडद्यावर जागाच मिळाली नाही. ओबडधोबड भेअरला हाकलून देखणा आणला की साध्या दिसणाऱ्या पुरुषांचं जे व्हायचं ते होवो, पण साध्या दिसणाऱ्या पुरुषावर जीव जडलेल्या बाईचं काय? तिची नजरही बाईचीच आहे ना? पुस्तकात भेअर आणि ज्यो पावसात एकमेकांना होकार देतात, त्या छत्रीच्या प्रकरणात अल्कॉट लिहिते की ज्योचा परकर चिखलाने माखला होता, रबरी बूट घोट्यापर्यंत चिखलात, टोपीची दशा झाली होती, पण सुदैवाने भेअरला ती जगातली सर्वांत सुंदर बाई वाटत होती. तिने हे दोन्हीकडून लिहिलं आहे. तोही गबाळा, तीही गबाळी, आणि दोघांच्या नजरेत सौंदर्य. एक बाजू पुसली की दुसरीचाही अर्थ जातो.

दुसरा आक्षेप असा की सिनेमा डोळ्यांनी बघायचा असतो, पुस्तकात कल्पना चालते, पडद्यावर चेहरा लागतो. चेहरा लागतो, हे बरोबर. पण कोणता, हे कुणी ठरवलं? १९३७ साली ‘प्रभात’ने नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या, शांता आपटेंच्या नीराला दिग्दर्शक शांतारामबापूंनी एखादा तरुण प्रियकर जोडून दिला नाही. पडद्यावर होते केशवराव दाते, म्हातारे काकासाहेब, त्यांची लाज, त्यांचा हट्ट, त्यांचं घड्याळ. त्या काळच्या प्रेक्षकाने तो चेहरा बघितला आणि पचवला. त्यानंतर ४५ वर्षांनी शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून ‘उंबरठा’ आला. तिथे तर गिरीश कर्नाडांसारखा देखणा, सुसंस्कृत नवरा आहे, आणि तरी स्मिता पाटीलची सुलभा ते घर सोडते. जोडीदार देखणा असण्याने तिचा प्रश्न सुटत नव्हता, कारण तिचा प्रश्न अटींचा होता.

पण सर्वांत मोठा पुरावा गर्विगच्याच सिनेमात आहे. शेवटी ज्यो छापखान्यात उभी राहून आपलं पुस्तक तयार होताना बघते. खिळे जुळवले जातात, कागद दाबला जातो, घड्या पडतात, सुई-दोऱ्याने शिवण घातली जाते, चामड्यावर सोनेरी अक्षरं उमटतात. कामगारांचे राकट हात, शाई, धागा. कॅमेरा त्या शिवणीवर इतक्या मायेने रेंगाळतो की माझे डोळे भरून आले. ज्या कॅमेऱ्याला पुस्तकाच्या शिवणीवर असं प्रेम करता येतं, त्याला मोज्याच्या शिवणीवर करता आलं नसतं? येत होतं. दिग्दर्शिकेला ते हवं नव्हतं, कारण तिच्या मांडणीत ज्योचं खरं प्रेम पुस्तक आहे आणि भेअर ही प्रकाशकाने मागितलेली भर आहे. एकदा तो भर ठरला की तो कसाही असला तरी चालतो. मग देखणाच का नको?

इथे माझं मन दुभंगतं. पुस्तक छातीशी धरून उभी असलेली ज्यो बघताना मला वाटतं, हाच शेवट अल्कॉटच्या मनात होता. आणि घरी येऊन छत्रीचं प्रकरण पुन्हा उघडते तेव्हा वाटतं, तिच्याच हातून उतरलेली एक मोठी गोष्ट आपण ‘तडजोड’ म्हणून बाजूला ठेवतो आहोत. भेअर तिथे म्हणतो की माझ्याकडे द्यायला भरलेलं मन आणि हे रिकामे हात, एवढंच आहे. ज्यो त्या हातांत हात ठेवते, आता रिकामे नाहीत म्हणते. एवढं सिनेमाने घेतलं. पण पुस्तकातली ज्यो त्याच पावसात, त्याच्या जरा आधी, त्याला बजावते की घर चालवायला मीही कमावणार, माझा वाटा मी उचलणार, हे आधीच मनाशी ठरव, नाहीतर मी येणार नाही. १८६९ साली, रस्त्यात, चिखलात उभं राहून एक बाई लग्नाच्या होकाराला अट घालते, आणि तो माणूस ‘बघू या’ म्हणतो. प्रकाशकाशी केलेली घासाघीस सिनेमाने पडद्यावर आणली, त्याबद्दल मी गर्विगची ऋणी आहे. नवऱ्याशी केलेली घासाघीस पुस्तकात छापलेली असून तिने सोडून दिली. या दोन करारांतला दुसरा जास्त अवघड आहे. प्रकाशक दुसरा मिळतो, स्वामित्वहक्काचा कागद तिजोरीत ठेवता येतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या तोंडावर, पावसात, आपली अट सांगायला जे लागतं ते वेगळंच.

काकूंच्या प्रश्नावर भाचीने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मी तिला सोडायला तलावपाळीपर्यंत गेले, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मला करायचं नाही असं मी कधी म्हटलंय? पहिल्याच भेटीत दोन स्थळांनी विचारलं, हप्ता अजून किती वर्षं आहे आणि लग्नानंतर तो कोण भरणार. मी म्हटलं, मीच भरणार, घर माझ्या नावावरच राहणार. पुढे फोन आला नाही.” लग्न जुळवायच्या ॲपवर आधी फोटो, मग पगार, मग पत्रिका. मोजे कोण रफू करतो याला तिथे रकाना नाही. आपण तिला विचारतो, करणार की नाही करणार. ती केव्हाची वेगळंच काहीतरी सांगते आहे.

परवा वाचनालयात जाऊन मी ‘चौघीजणी’ची ती जुनी प्रत मागितली. ती अजून आहे, फक्त बांधणी नवी झालीय. लॉरीच्या पानावरच्या तीन ओळी पुसट झाल्यात, पण वाचता येतात, आणि खाली आता चौथी, बॉलपेनने लिहिलेलीही आहे. मग मी मागची पानं उलटत छत्रीपाशी आले. इतक्या वर्षांत किती हातांतून ती प्रत गेली असेल, पण त्या पानाचा समास चारही बाजूंनी कोरा होता.